शेवटच्या खाचेतलं सॅम्पल

जळगावच्या ज्या कॉलेजात मी सोळा वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करते, तिथे माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. माझा हात थरथरत नाही आणि माझी जीभ थांबत नाही. नव्या मुलींना मी पहिल्याच आठवड्यात रडवते असं माझ्यामागे बोलतात, आणि ते खोटं नाही. आमचं कामच तसं आहे. डोळ्यांना धड दिसणारही नाही इतकंसं पाणी नळीत जास्त पडलं की अख्खा दिवस वाया जातो. मग मी चिडते. चिडल्यावर माझ्या तोंडून पारोळ्याकडची अहिराणी बाहेर पडते आणि पुण्याहून आलेल्या मुलींना वाटतं मी शिव्या देते आहे.

ही गोष्ट माझ्या मुलीची आहे, पण सुरुवात माझ्या पोटापासून करावी लागेल.

चौदाव्या वर्षापासून दर महिन्याला माझं पोट दुखायचं. नुसतं दुखायचं म्हणणं म्हणजे त्या दुखण्याचा अपमान आहे. मी फरशीवर आडवी पडायचे, उलट्या करायचे, भिंतीला पाय लावून रडायचे. आई म्हणायची, सगळ्यांनाच होतं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की थांबेल. मूल झालं. मुलगी तीन वर्षांची झाली तरी थांबलं नाही, तेव्हा नवऱ्यानं मला धुळ्याच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीतून बघितलं आणि नाव सांगितलं: एंडोमेट्रिओसिस. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर बाहेर भलत्या जागी उगवतं. दर महिन्याला तेही रक्त टाकतं, आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मी ते चित्र बघून रडले. डॉक्टरबाईंना वाटलं घाबरले. मी आनंदानं रडत होते. तेरा वर्षांनी कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

त्या दिवसापासून माझी देवाकडे एकच मागणी आहे. माझी तेरा वर्षं गेली ती गेली, माझ्या मुलीची जाऊ नयेत. हा आजार आईकडून मुलीकडे जाऊ शकतो, जाईलच असं नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी फक्त पहिलं वाक्य घरी आणलं.

मुलीला तेराव्या वर्षी पाळी आली. मी विचारलं, "दुखतंय का गं?"

ती म्हणाली, "थोडं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागले. नवरा धावत आला, शेजारची बाई आली. मी धुळ्याला फोन लावला, तो लागला नाही, पुन्हा लावला. मुलगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती. पुढच्या महिन्यात मी पुन्हा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "नाही." त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी दर महिन्याला विचारायचे आणि दर महिन्याला "नाही" ऐकून सुटकेचा श्वास सोडायचे.

माझ्या आईच्या घरी, पारोळ्याच्या पुढे हमरस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावात, अजूनही पाळीत बाजूला बसतात. मागच्या खोलीत एक खाट, एक गोधडी, पाण्याचा वेगळा तांब्या. मी लग्नाआधी त्यावरून आईशी कडाकडा भांडले होते. माझ्या घरात असलं काही चालणार नाही, हे मी जळगावला आल्या आल्या सांगून टाकलं, आणि नाही चालू दिलं. माझी मुलगी त्या चार दिवसांतही शाळेत जाते, क्लासला जाते, स्वयंपाकघरात येते, देवापुढे दिवा लावते. मला त्याचा अभिमान होता. मी तो चारचौघींत मिरवायचे.

गेल्या वर्षी आमच्या मॅडमनी एक नवं काम हाती घेतलं. शरीरात बाहेरून जे काही नको ते येतं, धूर, फवारणीचं औषध, प्लॅस्टिकमधून उतरणारं कायकाय, ते मोडून बाहेर काढणारी एन्झाइमं आपल्यात असतात. घंटागाडीवाल्यांसारखी, रोज येऊन कचरा नेणारी. प्रत्येक माणसात ती सारखी नसतात. त्यांतल्या एका एन्झाइमचा जनुक तर कितीतरी लोकांत मुळात नसतोच, आणि तरीही ती माणसं धडधाकट असतात, कारण बाकीची एन्झाइमं काम सांभाळून घेतात. मॅडमना बघायचं होतं की आपल्या भागातल्या एंडोमेट्रिओसिसच्या बायकांत हा जनुक नसण्याचं प्रमाण जास्त आहे का. काही ठिकाणच्या अभ्यासांत तसं दिसलं होतं, काही ठिकाणी नव्हतं. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एका माणसाचं रक्त बघून तिचं भविष्य सांगायला हे काम नाही. हे फक्त समूहाबद्दल आहे. नीट लक्षात ठेवा." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं!

मी स्वतःही सही करून रक्त दिलं. फॉर्मवर एक रकाना होता, नात्यातल्या आणखी कुणाला असा त्रास होता का. आईच्या पुढे मी "नाही" लिहिलं.

तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रक्तातून डीएनए काढायचा, एका नळीत मोजून केलेलं मिश्रण घालून यंत्रात ठेवायचा, आणि मग जे तयार होतं ते जेल नावाच्या लुसलुशीत वडीच्या खाचांमध्ये भरून वीज सोडायची. जनुक असेल तर खाली एक पट्टी चमकते. नसेल तर तिथे अंधार. पण नुसत्या अंधारावर विश्वास ठेवायचा नसतो. तपासणीच फसली असेल तरी अंधारच दिसणार. म्हणून प्रत्येक नळीत आणखी एका जनुकाची तपासणी घातलेली असते, जो झाडून सगळ्या माणसांत असतो. त्याची पट्टी वर येते. मी तिला साक्षीदार म्हणते. साक्षीदार हजर असेल तरच खालच्या अंधाराला अर्थ. "आधी साक्षीदार बघा, मग तोंड उघडा," हे मी मुलींना इतक्यांदा सांगितलं आहे की त्या माझी नक्कल करतात.

नळ्यांवर फक्त आकडे असतात, नावं नसतात. पण मी रक्त दिलं त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते मला माहीत होतं, आणि माझा आकडा मी काढला. माझ्या खाचेत साक्षीदार हजर होता आणि खाली अंधार होता.

त्याच क्षणी मला माझ्या लहानपणीचं शेत आठवलं. कपाशीवर माझे वडील, नाना, फवारायचे, आणि मी त्यांच्या पंपासाठी हंड्यानं पाणी आणायचे. औषधाचा तो गोडसर उग्र वास. हात फ्रॉकला पुसून मी तिथेच बांधावर भाकरी खाल्ली आहे. मनात आलं, सगळा कचरा आत येत होता आणि आपल्याकडे गाडीच येत नव्हती. मॅडमचं वाक्य मी विसरले. विसरले म्हणजे काय, बाजूला सारलं. मला तेरा वर्षांचं कारण सापडलं होतं आणि ते मला हवं होतं.

आणि लगेच दुसरा विचार आला. मुलगी.

जुलैतला रविवार होता. मी मुलीला म्हटलं, "फार फिकी दिसतेस. हिमोग्लोबिन बघते." मी रक्त काढण्यात तरबेज आहे, तिला कळलंही नाही. ती मोबाइल बघत हात पुढे करून बसली होती. सोमवारी तो डीएनए मी गुपचूप काढला. मंगळवारी बाकीच्या नळ्यांबरोबर एक नळी जास्तीची ठेवली. त्या दिवशी मिश्रण नेमकं मोजून केलेलं होतं, मॅडमची शिस्तच तशी. अवचित पाहुणा आला की आपण वरणात पाणी घालतो, तसं मी तळाशी उरलेल्या मिश्रणात पाणी घालून भागवलं. हे मी, जी एका थेंबावरून मुलींना रडवते!

दुपारच्या सुट्टीत जेल चालवलं. मुलीचं सॅम्पल शेवटच्या खाचेत, कडेला. भरताना माझा हात थरथरला, सोळा वर्षांत पहिल्यांदा. तासाभरानं जेल दिव्यावर ठेवलं आणि माझे डोळे थेट कडेला, खालच्या जागी गेले. अंधार. मी मोबाइलवर फोटो काढला. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला, मी दिवा बंद केला. प्रयोगशाळेच्या नोंदीसाठी काढलेल्या फोटोत ती शेवटची खाच मी येऊ दिली नाही.

पुढचे पाच महिने मी वेड्यासारखी वागले.

घरातले प्लॅस्टिकचे डबे गेले. डासांची अगरबत्ती गेली. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या गेल्या, आणि मग झुरळं आली. भाज्या मिठाच्या पाण्यात तासतासभर बुडवायला लागले. नवरा म्हणाला, "भाजी धुतेस का तिला आंघोळ घालतेस?" शेजारी कुणी पालापाचोळा पेटवला की मी खिडक्या लावायचे. भरीत बंद केलं, कारण वांगी जाळावर भाजली की धूर होतो. जळगावात राहून हिवाळ्यात भरीत बंद! नवऱ्यानं ते मात्र मनावर घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आणि मुलीचं आजोळ बंद केलं. फवारणीचे दिवस होते, नाना अजून कपाशी लावतात. ती एरवी दर महिन्याला एखादा शनिवार-रविवार काढून एसटीनं आजीकडे जायची, क्वचित शाळेला एक दांडीही मारायची. मला वाटायचं, आजीचं लाड करणं आवडतं, मागच्या दारचे पेरू आवडतात. मी जाऊ नको म्हटल्यावर तिनं आधी विनवण्या केल्या. मग ती ओरडली. "तू मला कुठेच जाऊ देत नाहीस!" दार आपटून गेली. दहावीचं वर्ष, वय आडमुठं, असं म्हणून मी सोडून दिलं. तिचा चेहरा उतरत चालला होता. मला तो जनुकाचा अंधार वाटत होता. खरं म्हणजे मला तेव्हा सगळीकडे तेच दिसत होतं. ती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे. तिला काही सांगता येत नव्हतं, नवऱ्याला सांगायची हिंमत नव्हती, आणि कॉलेजात कळलं असतं तर माझी नोकरी नाही तरी तोंड दाखवायची जागा गेली असती.

दर महिन्याला मात्र मी विचारत होते, "दुखतंय का?"

"नाही."

डिसेंबरातली गोष्ट. एक नवी विद्यार्थिनी जेलचा फोटो घेऊन उत्साहानं माझ्याकडे आली. "हे सात नंबर बघा ना, जनुक नाहीये!" मी फोटो हातात घेतला आणि नेहमीसारखी भडकले. "डोळे कुठे ठेवले? वर बघ. साक्षीदार कुठे शे? दोन्ही नही, मंग काय कळनं तुले? काहीच कळनं नही! तपासणी फसली म्हणजे तपासणी फसली. नाही म्हणजे नाही असं नसतं ते..."

आणि माझी जीभ थांबली. सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. माझी जीभ थांबलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

मी बाथरूममध्ये जाऊन मोबाइल काढला. तो फोटो मी पाच महिन्यांत एकदाही उघडला नव्हता, भीतीनं. उघडला, मोठा केला. शेवटच्या खाचेत खाली अंधार होता. वरही अंधार होता. अख्ख्या रांगेत काही म्हणजे काही नव्हतं. पाणी घातलेलं वरण. माझ्या मुलीत तो जनुक आहे की नाही, याबद्दल त्या जेलनं मला चकार शब्द सांगितला नव्हता.

मी हसायला लागले. नळ सोडून, तोंडावर हात दाबून हसले. पाच महिने ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती गोष्टच नव्हती. त्याच दुपारी मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणून काही वेगळा नियम नाही. तिचा डीएनए आजच्या आज नष्ट करा. आणि जिचं रक्त आहे तिला सांगा." यापुढे त्या कामाच्या नळ्यांना मी हात लावायचा नाही, असंही म्हणाल्या. ते मला लागलं, पण त्यांचं बरोबर होतं.

नळी नष्ट केली. मुलीला सांगायचं मात्र उद्यावर ढकललं. त्या संध्याकाळी मी इतकी हलकी झाले होते की घरी जाताना वांगी घेऊन गेले. नवऱ्यानं पिशवीत डोकावून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजारातून उठले होते.

"चल, या रविवारी आजीकडे जाऊ," मी मुलीला म्हटलं. "फवारणी संपली आता."

मला वाटलं ती उडी मारेल. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, "या नको. पुढच्या रविवारी जाऊ."

पाच महिने भांडली आणि आता पुढच्या रविवारी? पण मी इतकी खुशीत होते की विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, मग फाट्यावरून नानांची मोटारसायकल दोन खेपा करून. आईनं अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला घेतली होती. मी धुराजवळ बसले, मुद्दाम. नाना शेतात गेले. आई वांग्यांची सालं काढत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मुलगी आल्यापासून दिसली नाही.

"पोर कोठे गयी?"

"मांगनी खोलीमा. निजेल शे. निजू दे तिले."

"अकरा वाजता? काय व्हयनं तिले?"

आईनं हातातलं वांगं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिन्हं पोट दुखस."

"कव्हयपासून?"

"दोन वरीस व्हयनात. तारीख उनी का आठे येस. दोन दिन निजस. मंग जास."

दर महिन्याला पाळी आली की ती इथे येऊन पडत होती, आणि मला ठाऊक नव्हतं. "आन तू माले सांगं नही?"

"तिनी शपथ घाली शे माले." मग आईनं माझ्याकडे बघितलं. "तिले दुखानी भीती नही वाटस. तुन्हा तोंडनी वाटस. तुले सांगं का तुन्हं तोंड उतरी जास."

दर महिन्याचं "नाही" माझ्या कानात वाजायला लागलं. एक-एक करून चोवीस-पंचवीस वेळा. मी विचारत होते आणि उत्तराआधीच माझ्या चेहऱ्यावर रडू तयार असायचं. तिच्या "नाही"ला साक्षीदार कुठे होता? एकदाही मी शोधला नव्हता. आणि ज्या एका जागी तिला निवांत पडता येत होतं, ती जागा मी पाच महिने बंद करून ठेवली होती. पाच महिने ती शाळेत गेली, क्लासला गेली, देवापुढे दिवा लावला, आणि मी तिला फिकी दिसतेस म्हणून भाज्या धुवत बसले.

"पहिल्यांदा उनी तव्हय मीच सांगं तिले, सगळ्यासले व्हस म्हनीसन," आई हळूच म्हणाली. "तुले सांगं व्हतं तसंच. मंग तिले उलट्या व्हताना देखं. मंग नही सांगं."

"तुन्हं दुखे का?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"दुखे ना. कोनले सांगू? बाजूले बसाना चार दिन, तेवढाच काय ते मन्हा व्हतात." तेवढेच चार दिवस काय ते तिचे स्वतःचे होते. आणि तिनं पुन्हा वांगं उचललं.

फॉर्मवर आईच्या पुढे मी न विचारता "नाही" लिहून मोकळी झाले होते. तो कागद मॅडमच्या फाइलमध्ये माझ्या सहीनिशी पडला होता.

मागच्या खोलीत गेले. जिथे मी एके काळी या चालीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच खाटेवर माझी मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. आजीनं तिला वेगळा तांब्या दिलेला नव्हता, घरातलाच पितळी पेला उशाशी होता. माझी चाहूल लागताच ती झटकन उठून बसली आणि हसली. ते हसणं मला सहन झालं नाही. दोन वर्षं ती हे हसणं माझ्यासाठी तयार करत होती.

"उद्या धुळ्याला जाऊ," मी म्हटलं. "आजीनं सांगितलं मला."

तिचं हसणं गेलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. मी वळून बाहेर गेले, कारण माझा चेहरा माझ्या हातात नव्हता.

डॉक्टरबाई आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण बोलणं तसंच. त्यांनी मुलीला विचारलं, "किती दिवसांपासून?"

"साधारण..." मी तोंड उघडलं.

"तुमचा पेपर बारा वर्षांपूर्वी झाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा तिचा आहे."

मग मुलगी बोलली. आधी अडखळत, मग सलग. पहिल्या पाळीपासून. कुठे दुखतं, पाठीत कसं जातं, कोणत्या दिवशी उलट्या होतात. आजीकडे जाता येत नव्हतं त्या महिन्यांत तिनं काय केलं. ऑक्टोबरात ती शाळेच्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली होती. "बाई घरी फोन करत होत्या. मी हात जोडले त्यांना, म्हटलं, करू नका, आई घाबरते."

मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते. डॉक्टरबाईंनी सगळं लिहून घेतलं. म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस असू शकतं, नसू शकतं, आज पैजेवर सांगणार नाही. सोनोग्राफी करू, औषध आजपासून सुरू करू, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आणि दुखेल तेव्हा दुखतंय म्हणायचं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.

धुळ्याच्या स्टँडवर जळगाव गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी तिला रक्ताचं सांगितलं. हिमोग्लोबिनचं खोटं, जास्तीची नळी, शेवटची खाच, पाणी घातलेलं मिश्रण, सगळं. ती ऐकत होती.

"मग काय निघालं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. मी चुकीचं केलं, आणि तेही धड केलं नाही."

ती जरा हसली, खरं हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी दिलं असतं की रक्त."

"माहितीये."

"नाही माहिती तुला."

बरोबर होतं तिचं. गाडी लागली. तिला खिडकीची जागा दिली. पारोळ्याचा स्टँड मागे पडल्यावर तिनं खिडकीबाहेर बघतच म्हटलं, "आई, आत्ता दुखतंय."

मग तिनं मान वळवली आणि माझा चेहरा बघायला लागली. मी सॅम्पल भरताना बघते ना, तशी, श्वास रोखून.

माझ्या आत सगळं कोसळत होतं. पण मी चेहरा जागेवर ठेवला. आयुष्यात इतकं कठीण काम मी हातानं कधी केलं नाही.

"किती दुखतंय?" मी विचारलं, आणि या वेळी उत्तर येईपर्यंत थांबले.